बोटभर

भाच्यानं काढलेलं जहाज तीन किलोमीटर लांब आहे.
पान सातवर ते चंद्रामागून निघतं,
पान आठवर अजून निघतंच आहे.
मी चष्मा पुसला आणि विचारलं,
'याच्या शिवणी कुठायत?'

इन-ग्यू म्हणाला, मावशी, ही गोष्ट आहे.
असेल. पण गोष्टीलाही पत्रा लागतो.
एकोणतीस वर्षं मी ओक्पोच्या गोदीत
दुसऱ्यांनी मारलेले टाके तपासतेय,
एका हातात यंत्र, दुसऱ्यात पिवळा खडू.
पोलादाच्या पोटात बुडबुडा राहिला असेल तिथे गोल करायचा
आणि कुणाची तरी रात्रपाळी वाया घालवायची.

जेवणानंतर त्याच्याच वहीच्या पाठीवर हिशेब मांडला.
आमचं गॅसवाहू जहाज तीनशे मीटर,
रिकामं असताना तीस हजार टन.
लांबी दहापट केली की वजन दहापट होत नाही, राजा,
रुंदी आणि उंचीही हट्ट धरतात.
हजारपट. तीन कोटी टन.
एका रॉकेटनं शंभर टन नेले, असं उदार मनानं धरू.
तीन लाख उड्डाणं. रोज एक,
चुसॉकच्या सणालाही सुट्टी नाही,
तरी आठशे एकवीस वर्षं.
पहिला पत्रा नेणाऱ्याचं आडनाव
शेवटचा पत्रा नेणाऱ्याला ठाऊक नसेल.

'चंद्रावरच खाण काढू,' तो म्हणाला.
काढ. मग तिथे भट्टी लाव. भट्टीला माणसं,
माणसांना भात, भाताला पाणी,
आणि किमची मुरवत ठेवायला कुणाचं तरी घर.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
तू सूतही विकत आणलं नाहीस.

तो गप्प झाला. पेन्सिल कानामागे गेली.
मला वाईट वाटलं, म्हणून एक खरी गोष्ट सांगितली,
शिकाऊ असताना वर्गात ऐकलेली:
जिथे हवाच नाही, तिथे घासून लख्ख केलेला धातू
धातूला नुसता टेकवला तरी धरून बसतो.
ठिणगी नाही, काडी नाही, मी नाही.
इथे दोन पत्र्यांच्या मधे हवा येऊन बसते,
गंजाची पातळ साय धरते,
म्हणून आम्हाला पगार मिळतो.
तो हसला नाही. लिहून घेतलं.

आणि सोडणार कसं?
आमच्या जहाजाचं जलावतरण होतं.
अवतरण म्हणजे उतरणं, वरून खाली.
तुझं तर आधीच वर आहे.
दोर सोडशील आणि काही होणार नाही,
ते तिथेच असेल, काल होतं तिथे,
टाळ्या वाजवायलाही हवा नाही.

शुक्रवारी त्याला गोदीवर नेलं.
पाहुण्याचा बिल्ला, हेल्मेट, एक नंबर मोठे बूट.
झडपा पहाटे चारला उघडल्या.
पाणी येतंय असं काही दिसत नाही.
ठोकळ्यांच्या रांगा भिजतात,
एक मांजर जिन्यावरून वर पळतं,
मग कुणाचा तरी विसरलेला हातमोजा तरंगायला लागतो.
फाटकावरचा प्यो कॉफी देऊन गेला, साखर जास्त.
इन-ग्यूनं तीन जांभया दिल्या.

आदल्या संध्याकाळी मी गोदीच्या भिंतीवर
जहाजाच्या लाल पट्ट्यासमोर, पट्ट्याच्याच उंचीवर
खडूची रेघ ओढून ठेवली होती.
सात वाजून काहीतरी झालं होतं.
'झालं,' मी म्हटलं.
'काय झालं?'
'उठलं.'

धूर नाही. आवाज नाही. कुणी उलटे आकडे मोजले नाहीत.
तीस हजार टनांची बोट
रेघेच्या बोटभर वर,
आणि तिच्या बुडाखाली, जिथे परवापर्यंत
मी उताणी पडून खडू फिरवत होते,
तिथे काळं पाणी.

त्यानं वही उघडली नाही.
एक डोळा मिटून, बोट आडवं धरून
तेवढं अंतर
पुन्हा पुन्हा मोजत राहिला.