तीन फ्रेम

स्टुडिओतली ती खोली आता पाडलीय.
चाळीस वर्षं तिथं मी एकच काम केलं:
ओठाला आवाज लावायचा.
चित्राची पट्टी एका चाकावर, आवाजाची दुसऱ्या,
आणि क्लॅपची फळी मिटते ती चौकट
पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण करून जोडायची.
सेकंदाला चोवीस चौकटी.
एक चुकली तर कुणाला कळत नाही.
दोन चुकल्या तर प्रेक्षक खुर्चीत सरकतो,
का ते त्याला सांगता येत नाही.
तीन चुकल्या तर हिंदुराव मास्तर
चहाची बशी खाली ठेवायचे.

चोरवाटही मास्तरांनीच दाखवली.
जिथं जुळतच नाही,
नट डबिंगला घसा बसवून आलाय,
तिथं तो दुसरा तुकडा लाव, म्हणाले,
बाईच्या हातातला कंदील हलतोय तो.
नटाचे ओठ राहू देत कोपऱ्यात.
लोक कंदिलाकडं बघतील,
बाकीचं ज्याचं तो आत शिवून घेईल.

मला ती चोरी वाटायची.

आता सकाळी पंचगंगेच्या घाटावर बसतो.
साठ पावलांवर, खालच्या टोकाला,
आकाराम परीट चादर आपटतो.
चादर-धप्प. चादर-धप्प.
पण एखाद्या दिवशी, काम नाही म्हणून,
नजर रोवून बसलं की शिवण दिसते:
चादर पडते, पाणी उडतं,
दगड गप्प,
मग धप्प.
मोजलं. तीन फ्रेम.
हात आपोआप खिशात पेन्सिल शोधतो.
तेवढ्यात म्हशी धुणारं पोरगं कुणाला तरी शिवी हासडतं,
लक्ष जरा हलतं,
आणि पुन्हा सगळं एकजीव,
कधी उसवलंच नव्हतं असं.
म्हणजे आत कुणीतरी बसलाय.
बिनपगारी. माझ्यापेक्षा सीनियर.

शेजारच्या मुल्लांची तस्नीम विद्यापीठात हेच शिकते.
तिनं मोबाइल पुढं धरला. एका बाईचं तोंड, नुसतं तोंड.
"काय म्हणतीय, काका?"
"द. द. द."
"आता डोळे मिटा."
"ब."
आवाज 'ब'चा होता, ओठ 'ग'चे होते,
'द' कुणीच म्हणलं नव्हतं.
मी ऐकला होता. शपथेवर सांगितलं असतं.

मग म्हणाली, डोळे उघडे, तोंड समोर,
पण त्यावर ठिपके चमकतील,
त्यातले लाल तेवढे मोजा.
मोजले. अकरा.
"आणि ऐकलंत काय?"
"ब." एखादा 'द' मधेच. पण बहुतेक 'ब'.
डोळे उघडेच होते की.
जोडणारा ठिपके मोजायला गेला होता.

मी विचारलं, घाटावर लक्ष दिलं की उसवतं,
इथं लक्ष काढलं की उसवतं,
हे कसं काय?
ती म्हणाली, आमच्या सरांचं आणि मॅडमचं
त्यावरच भांडण आहे.

रविवारी कपिलतीर्थ मंडईत
हौसा पुढं, पिशव्या घेऊन मी मागं.
कांदेवाला, रिक्षाचा हॉर्न, कुणाच्या तरी फोनमधली आरती,
सगळे आवाज एकाच पट्टीवर चढलेले,
कुठला कुणाच्या तोंडाचा, पत्ता नाही.
मी वांग्यांचा ढीग बघत होतो, काटे मोजत असेन.
ती थांबली. वळली.
मी तिच्या ओठांकडं पाहिलं.
किती नट्यांचे ओठ मी चौकट-चौकट पाहिलेत,
पेन्सिलीनं खुणा करून.
हिच्या खालच्या ओठावर डावीकडं तीळ आहे.
हा कधीचा?

आणि त्या गलक्यातनं तिचा आवाज वर आला,
जुडी उपटावी तसा,
मुळांची माती झटकत:
"मेथी म्हणलो न्हवं? तीन डाव."