बोर्ड

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी माझं दुकान.
दुकानाला बोर्ड नाही.
लोक हसतात, "भरमा पेंटर, तुझाच नाही होय रे?"
काय लिहू आणि कुठलं वर लिहू
ह्यात अठ्ठावीस वर्षं गेली.

नीलव्वा खानावळवाली रिक्षातून फळी घेऊन आली,
सागवानी, चार फूट बाय दीड.
"नोटीस आलीया. साठ टक्के कन्नड पायजे.
उरलेल्यात तुझं मराठी बसीव,
इंग्लिश मुंगीएवढं घाल कुठंतरी."
मी सुतळीला खडू लावून रेघ मारली:
पावणेअकरा इंच, सूतभर जास्तच.

हुक्केरी सर संध्याकाळी चहाला येतात.
जन्मभर इंग्रजी शिकवलं,
विचार कन्नडमध्ये करतात, शिव्या मराठीत देतात.
"बोर्ड म्हणजे काय, ठाऊक हाय तुला?"
माझं पोट हाय ते, सर.
"तेच की. बरोबर बोललास."

आधी ती नुसती फळी होती म्हणे,
रंधा मारलेली, मुकी.
कुणीतरी तिच्यावर ताट ठेवलं
आणि जेवणालाच बोर्ड म्हणू लागले.
मला चिकोडीचं बोर्डिंग आठवलं,
तळ दिसणारी आमटी
आणि दुसरी भाकरी मागितली
की छताकडे बघणारा वाढपी.
पुढं जेवण उठलं, माणसं बसून राहिली,
ठराव करू लागली. तीही बोर्ड.
त्यांनीच मला दहावीत दोनदा पाडलं.
बहीण कोल्हापूरला दिली, तिची पोरं तिकडच्या बोर्डात,
माझी इकडच्या,
मामाच्या गावाला सुट्टी कधी एका दिवशी लागत नाही.

"आमच्यात फळीला हलगे म्हणतात," सर म्हणाले,
"आणि वाजवायची तीही हलगे."
वाजवायची आमचीही हलगीच, मी म्हटलं,
आणि रंगाच्या डब्यावर ताल धरला.
नीलव्वा म्हणाली, "वाजीव नको, लिव."

गेट पडलं. मालगाडी लांबलचक,
तेवढ्यात सरांनी खरी गोष्ट काढली.
बोर्डाची घराणी दोन. एक फळीचं.
दुसरं जहाजाच्या कडेचं, म्हणजे काठाचं.
ते काठाचं फ्रान्सात राहून आलं
आणि येताना शेपूट लावून आलं:
बॉर्डर.
फळी आणि काठ, आवाज एकच,
नांदता नांदता इतके मिसळले
की ह्यातलं कुठलं कुणाचं, सांगता येत नाही.
"डिक्शनरीत एकाखाली एक दिलेत."
मी विचारलं, वर कोण हाय?
सरांनी बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

रात्री फळी घासायला घेतली.
आधी पिवळा गेला, त्यावरचं मराठी गेलं.
खाली निळा, कन्नड अक्षरं, कुणा चांगल्या हाताची.
त्याखाली मराठी परत: खानावळ.
तिथं पॉलिश पेपर थांबला.
त्या ळ चं पोट सुटलेलं,
बापानं काढलेल्या प्रत्येक ळ चं सुटायचं तसं.
गल्लीत त्याला चिडवायचे त्यावरून.

सकाळी नीलव्वाला दाखवलं.
तिनं पदराच्या टोकानं अक्षरावरची भुकटी पुसली.
"ही राहू दे. पत्र्यावर कर."

पत्रा टांगायला गेलो चार दिवसांनी,
माप चोख, कुणी टेप लावून बघावा.
तिनं मागच्या बाजूला जेवायला बसवलं.
दुधाच्या दोन क्रेटवर ती फळी आडवी,
वर जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, कच्चा कांदा.
भाकरीची कड बरोबर ळ वर आली.

सर म्हणतात, हे अक्षर दोन्हीकडे
एकाच जागी जीभ वळवून येतं.
असेल.
मी घास तोंडात असताना म्हणून बघितलं.
जमत नाही.