पिवळी काच

ओइवाची लेन्स मिळाली ती लोकरी मोज्यात गुंडाळलेली.
त्याची बहीण हेल्वी म्हणाली,
"मोजाही ठेव. जोडीचा दुसरा हरवलाय."
बारा युरो. वर कॉफी,
आणि तिसऱ्या कपाला नाही म्हणायची सोय नाही.

घरी आणून दिव्यासमोर धरली
तर कोऱ्या चहासारखी पिवळी.
ह्या जुन्या काचेत थोरियम असतं म्हणे,
ती आतल्या आत, वर्षानुवर्षं, स्वतःलाच भाजत राहते.
उपाय एकच, उन्हात ठेवायची.

ऊन!
इवालोत, डिसेंबरच्या मध्यात.
सूर्य तीन तारखेलाच गेलेला,
दुपारी बारा वाजता नुसता निळा अंधार.

मग तशीच लावली.
अडॅप्टरच्या आट्यांत फिरवली, बरणीचं झाकण फिरवतात तशी.
कॅमेरा म्हणाला : लेन्स नाही.
मेनूत शिरून, आठव्या पानावर, त्याची समजूत काढली.
ॲपर्चरच्या जागी त्यानं दोन शून्यं मांडली.
उद्या कोणी विचारलं, हा फोटो कशातून काढला,
तर फाइल कानांवर हात ठेवेल.

अंगणातला बर्फ टिपला. पांढराशुभ्र!
जरा वेळानं कळलं :
कॅमेऱ्यानं परस्पर पिवळं पुसून टाकलेलं,
पाहुण्यांसमोर सारवासारव करावी तसं.
बंद केलं त्याचं ते शहाणपण.
काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसतं.
दिसू दे.
बर्फ, सरपण, अस्लाकची स्नोमोबाइल,
तिच्यावर बसलेलं त्याचं जाडं कुत्रं.

रिंग जड. थंडीत आतलं ग्रीस गोठतं,
म्हणून बाहेर पडताना लेन्स कोटाच्या आत, काखेत,
अंडं उबवावं तशी.
आणि दर वेळी ती एकाच जागी अडखळते,
मीटरच्या खुणेच्या जरा पुढे.
बोटाला कळतं, डोळ्याला नाही.
काय होतं तिथे ओइवाच्या समोर, इतकी वर्षं?
गोठलेल्या तळ्यात पाडलेलं भोक? टेबलापलीकडची खुर्ची?
हेल्वी म्हणाली, "तो कुठे काय सांगायचा.
टपाल वाटायचा, आणि घरी येऊन गप्प."

जानेवारीत सूर्यानं झाडांवरून नुसतं कपाळ दाखवलं,
दहा-बारा मिनिटं.
तेवढ्यासाठी लेन्स दक्षिणेच्या खिडकीत,
खाली स्वयंपाकाची फॉइल अंथरून.
फेब्रुवारीत तासभर. मार्चमध्ये दिवसभर.
चहा फिका होत गेला.

मार्च संपताना हेल्वीला बसवलं, तिच्याच स्वयंपाकघरात.
"ह्याला डोळा आपोआप सापडत नाही?
नातवाच्या फोनला सापडतो."
"नाही."
"मग कोण शोधणार?"
रिंग सोडून दिली तिच्या त्या अडखळत्या जागी
आणि मीच कमरेतून हलू लागले,
श्वास अर्धा सोडून,
बोटभर पुढे, केसभर मागे.
स्क्रीनवर लाल कडा मुंग्यांसारख्या
तिच्या गालावरून वर चढत, ओघळत, पुन्हा चढत.
आता. नाही, आता.

चुकलंच.
डोळे धूसर राहिले, धुक्यातून बघितल्यासारखे.
रेखीव आलं ते स्वेटरचं वरचं बटण,
त्यातून ओवलेला जाड, चकचकीत धागा,
गाठीसकट.

हेल्वीनं चष्मा कपाळावर सरकवला,
स्क्रीन नाकाशी धरली.
"मासे धरायची दोरी आहे ही. ओइवानं लावलं होतं.
म्हणाला, स्वेटर फाटेल, बटण जायचं नाही."
बोट आपोआप गळ्याशी गेलं तिचं,
फोटोतल्या नव्हे, खऱ्या बटणावर.

"परत काढू?"
"कशाला," ती म्हणाली, आणि कॉफीचं भांडं उचललं.

लेन्स अजून जराशी पिवळी आहे.
खिडकीतून काढून ठेवलीय मी,
मोज्यात.