अकरावा फोटो

काउंटरच्या आतल्या बाजूला, येणाऱ्याला दिसू नयेत असे
दहा फोटो. आज अकरावा.
थांब जरा, नोलीन म्हणाली, आणि पर्समधून कंगवा काढला.
पासपोर्टसाठीही एवढी नटले नव्हते.

जिलाँगच्या या क्लबात मी सहा वर्षं चहा देतोय.
तिचं मशीन मला पाठ आहे:
बिनखिडकीच्या भिंतीला, डावीकडून तिसरं,
डॉल्फिन उड्या मारतात ते.
बाथरूमला जाताना खुर्चीवर स्वेटर ठेवायची
दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून,
आजाऱ्याच्या उशाशी आपलं काहीतरी ठेवून
माणूस क्षणभर बाहेर जातो ना, तशी.

गुरुवारी पेन्शन. शुक्रवारी ती
साखरेच्या दोन पुड्या जास्त मागायची.
मी द्यायचो.
मला वाटायचं, मी चांगला माणूस आहे.

फॉर्म दोन पानी.
किती काळ आत घेऊ नये? सहा महिने, वर्ष, दोन वर्षं.
तिनं दोनवर खूण केली, खोडली, परत केली.
कारणापुढे लिहिलं: वॉशिंग मशीन.
मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं.
मुलीनं दिलेले सातशे डॉलर.
कपडे अजून टबात धुते,
आणि फोनवर सांगते, नवं मशीन
अगदी आवाज करत नाही गं.

मी हेल्पलाइनचं कार्ड पुढे केलं.
पाठ आहे हा नंबर, म्हणाली,
मशीनवर चिकटवलाय तोच.
सहा वर्षं त्याच्यावर कप ठेवत आले.
तू दिलेला.

तिसऱ्या गुरुवारी दारात हजर.
छत्री राहिली होती म्हणे.
बाहेर कोरडं ठणठणीत ऊन.
ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं
मी खूप पाहिलीत,
पण हिचा हात लपवता लपवता थरथरत होता.
टेविटा, तू मला ओळखतोस.
ओळखतो, म्हणूनच.
एवढंच बोललो. ट्रेनिंगमधलं लांबलचक वाक्य
तोंडातच राहिलं.

ती वळली, बसथांब्यावर बसली.
काचेतून मला दिसत होतं, तिनं फोन काढला
आणि पाठ असलेला नंबर
एकेक आकडा थांबून थांबून दाबला.
बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरनं वाट पाहिली.
तिनं मान न वर करता
हातानंच सांगितलं, जा.

आत डॉल्फिन उडत होते.
डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर
कुणाचंतरी जॅकेट.
मी कप भरला, आणि ठेवताना
पहिल्यांदाच
कुठे ठेवतोय ते पाहिलं.