परात

ओजूच्या डाव्या कानातली फिरकी हरवली,
मुगाच्या अर्ध्या डाळीएवढी.
"जाऊ दे गं आई, नवी घेऊ," म्हणाली
आणि मोबाईल घेऊन झोपायला गेली.

रात्री साडेअकराला मी
सोफा सरकवला, गालिचा झटकला,
चारही खोल्यांचा केर एका पेपरावर घेतला,
व्हॅक्यूमची पिशवीसुद्धा उभी कापली
आणि बाथरूमला आतून कडी लावली.

घमेलं नव्हतं. कणकेची परात घेतली.

गुजरीतली दुकानं उघडायच्या आधी,
पहाटे साडेचारला,
बापू आणि मी पायऱ्या झाडायचो.
त्याच्याकडे तारेचा ब्रश, माझ्याकडे दातांचा, जुना.
फरशीच्या फटीत, उंबऱ्याच्या खाचेत, गटारीच्या तोंडाशी,
कानस मारताना उडालेलं,
कारागिराच्या हात धुतल्या पाण्यातून निसटलेलं,
जे असेल ते.
अंबाबाईच्या देवळात काकडआरती सुरू झाली म्हणजे
अजून एक गल्ली बाकी आहे,
एवढंच आम्हाला कळायचं.

चिखल घरी यायचा.
घमेल्यात पाणी, हलका झोका,
वरचं सांडायचं, परत पाणी.
"चमकतंय ते सोनं न्हवं," बापू म्हणायचा,
"त्यो अभ्रक. सोनं गप तळाला बसतंय."
मग पारा. मग तो चुलीवर उडवायचा,
आई खिडकीकडे तोंड करून खोकायची,
आणि आठवड्याच्या शेवटी
तांदळाच्या कणीएवढा मणी.
कधी तेवढाही नाही.

पाचवीत बाईंनी विचारलं, वडील काय करतात?
मी म्हणाले, सोन्याचं काम.
हेतल ओसवाल वळून बघायला लागली.
तिच्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीचा टवका कुठे उडालाय
हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.
मी नजर खाली घातली.

ती अजून तिथेच आहे.
रंकाळ्यावर सगळे सूर्यास्त बघतात,
मला रुपयाचं नाणं सापडतं,
एक सेफ्टी पिन, शर्टाचं बटण.
साबणाची चिपटी मी नव्या वडीला चिकटवते.
गेल्या दिवाळीत नवऱ्याचे मित्र जेवायला होते,
तांबडा, पांढरा, सुकं, सगळं केलं होतं,
वाढताना माझ्या डोक्यात मटणाचे तुकडे मोजणं चालू होतं
आणि मी आग्रह करत होते, घ्या की, घ्या की अजून.

नोकरी पतसंस्थेत. सोनेतारण.
परवा एका बाईनं गळ्यातलं काढून टेबलावर ठेवलं,
मी आधी काट्याकडे बघितलं. नंतरही काट्याकडेच.
खडे वजा केले, मेण वजा केलं, आकडा सांगितला.
माझा आवाज कापला नाही.
घरी येऊन मात्र कितीतरी वेळ
चप्पल न काढता बसून राहिले.

पहिल्या पाण्यात केस गेले.
दुसऱ्यात मैदा, पेन्सिलीचा चुरा, टिकल्या.
एक टिकली फार चमकत होती,
तिला मी बापूच्या आवाजात हसले.
तिसऱ्या पाण्यात, अगदी तळाला, कडेला लागून,
गप्प बसलेली फिरकी.

दीड वाजला होता.
ती उचलून साबणदाणीत ठेवली
आणि परत पाणी घातलं.

दारावर टकटक झाली.
"सापडली का?"
"नाही अजून," मी म्हणाले.

फरशी गार होती. नळ बारीक सोडलेला,
सांडलेलं धरायला खाली बादली.
खांदे आपोआप झोका देत होते,
कुणी न शिकवल्यासारखे.
आईचा खोकला नव्हता, पारा नव्हता, उद्याची गल्ली नव्हती.
कित्येक वर्षांत मी इतकी निवांत नव्हते,
आणि हे बाहेर जाऊन
कुणाला कसं सांगायचं ते सुचेना.

वरचं सांडलं.
परत पाणी.