लिकेज

कन्नमवार नगर, सत्तेचाळीस नंबर बिल्डिंग.
बेडच्या बरोबर वर, छताला डाग.
गणपतीत रुपयाएवढा, दिवाळीला बशीएवढा,
आता कडेने तपकिरी, मध्ये फुगलेला,
भाकरीच्या पापुद्र्यासारखा.

मी सेक्रेटरी. नोटीस मलाच लिहायची.
‘आपल्या न्हाणीघरातून’ इथवर पेन सरळ आलं
आणि अडलं.
गळती लिहावं, तर केसांची वाटते,
नाहीतर चौथीनंतर शाळा सोडणाऱ्या पोरांची.
पाझर डोंगराचा, फारतर आईचा;
पाझराबद्दल दंड कसा लावणार कुणाला?
ठिबक गेलं शेतावर, अनुदानासकट.
झिरपणं माठाचं, सावकाश,
त्यात कुणाचीच चूक नाही.
शेवटी लिहिलं, लिकेज.
त्यात चूक आहे, खर्च आहे,
आणि तो कोणी द्यायचा हे भांडणही.

वर तिसऱ्या मजल्यावर म्हापणकरबाई, एकट्या.
नोटीस क्रमांक एक. दोन. तीन.
जिन्यात भेटल्या की म्हणायच्या,
‘माझी लादी कोरडी आहे हो.’
मी म्हणायचो, ‘लेखी द्या.’

त्याच महिन्यात माझा इको काढला.
डॉक्टर चहा सांगावा तसं म्हणाले,
‘व्हॉल्व्हला थोडं लिकेज आहे. बघत राहू.’
व्हॉल्व्ह मला ठाऊक होता, टाकीवरचा, पितळेचा,
वॉशर बदलला की मुकाट बसणारा.
हिला सांगितलं नाही.
रिपोर्ट सोसायटीच्या फायलीत घातला,
पाणीपट्टीच्या पावत्यांखाली.

प्लंबर बिचित्र बेहेरा, गाव केंद्रपाडा,
बारा वर्षं पार्कसाइटला.
रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग
त्याने बाईंच्या न्हाणीत ओतला, मोरीला बोळा लावला.
‘तीन दिन रुको. जहाँ गुलाबी, वहीं चोर.’
मग माझ्याकडे येऊन शिडीवर चढला,
हातोडीच्या दांड्याने छत वाजवत,
कान लावून.
कुणाला तरी सांगायचंच होतं, त्याला सांगितलं.
तो वाजवत राहिला. म्हणाला,
‘साहब, पानी जहाँ दिखता है, वहाँ होता नहीं.’

मराठीत पेपर फुटतो, बातमी फुटते,
काहीतरी खळकन होतं.
इंग्रजीत म्हणे दोन्ही नुसती लीक होतात.
संध्याकाळी पटलं, इंग्रजी खरी.
दारात म्हापणकरबाई,
हातात स्टीलचा पेला, वर झाकण.
‘दुधीचा रस. मीठ नाही घातलेलं.
तो प्लंबर म्हणत होता, यांचा व्हॉल्व्ह...’
आणि माझ्या मागे ही,
कणकेच्या हातांनी.

पाणी वरून खाली येतं एवढंच मला पाठ होतं.

हिने पेला घेतला. काही बोलली नाही.
रात्री फायलीची नाडी सुटल्याचा आवाज आला,
मग पावत्या, एकेक,
मग बराच वेळ काही नाही.

चौथ्या दिवशी गुलाबी निघाला.
माझ्या छताला नाही.
तळमजल्यावर, मीटरच्या पेट्यांशेजारी,
नोटीसबोर्डाच्या फ्रेमीतून उतरत
नोटीस क्रमांक तीनवर,
माझ्या सहीपर्यंत.
‘इनका भी है,’ बेहेरा म्हणाला,
‘आपका कहीं और से है.’
कुठून, ते त्यालाही सांगता येईना.
मजुरी साडेसातशे झाली.

रजिस्टरात तीन रकाने. तक्रार, कारण, निवारण.
पहिल्यात लिहिलं, लिकेज.
दुसरा कोरा ठेवला.
तिसऱ्यात, बघत राहू.

बेड आता भिंतीला सरकवलाय.
डागाखाली बादली, बादलीत जुना टॉवेल,
टपटप ऐकू येऊ नये म्हणून.
ही कूस बदलताना एक हात माझ्या छातीवर ठेवते,
झोपेत असल्यासारखा.
सकाळी साडेसहाला वरून पेला येतो.
दुधी मला जन्मात आवडला नाही.
पण हे लेखी कसं देणार.