माता म्हणजे डोळा

बान्युवांगीच्या बाजारात, मासळीच्या दारापाशी
पाइमान सुऱ्यांना धार लावतो.
धारेला तिथे डोळा म्हणतात. सुरीचा 'माता'.
(आई नव्हे. त्या भाषेत माता म्हणजे डोळा.)
अंगठा टेकवून तो बघतो, उघडला का.

त्याचे स्वतःचे दोन्ही पिकलेत.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कुठला डोळा करायचा, काका?"
त्याने पाय पुढे केला, घोटा दाखवला:
"हा. पायाचा. पावसाळ्यात ठणकतो."
त्या हसल्या. तो नाही.

सूर्य तिथे दिवसाचा डोळा,
चलन म्हणजे पैशाचा,
हेर म्हणजे डोळा-डोळा, दोनदा;
एकाने भागत नसावं त्या धंद्यात.
आणि साऱ्या दिशा वाऱ्याचे डोळे.
त्यातल्याच एका डोळ्यात, हाँगकाँगला,
त्याची सुमियाती परक्यांची भांडी घासते,
महिन्याच्या महिन्याला परक्या पैशाचे डोळे धाडते.
ऑपरेशन त्यातूनच.

पट्टी सुटली तेव्हा फोनवर तीच होती,
चौकोनी, जरा अडखळणारी.
"केस कधी पिकले गं तुझे?"
मग बोलणं खुंटलं.

माता आयिर: पाण्याचा डोळा, म्हणजे झरा.
आयिर माता: डोळ्याचं पाणी.
तेच दोन शब्द,
फक्त आधी कोण येतं एवढंच.

"रडू नका," नर्स ओरडली, "औषध वाहून जाईल!"

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं.
पहिली सुरी हातात घेतली, अंगठा टेकवला,
आणि सवयीने
डोळे मिटले.